डबी नंबर एकतीस

४ फेब्रुवारी

मुंगळ्या,

आशीर्वाद घे, फुकट आहेत.

तुझ्या हट्टापायी शेवटी हॉस्पिटलात नाव घातलं. आजपासून सोळा आठवडे रोज सकाळी एक कॅप्सूल घ्यायची आणि दर सोमवारी घरी येणाऱ्या हॉस्पिटलच्या माणसाला एक डबी भरून द्यायची. कसली डबी ते लिहीत नाही, तू जेवताना पत्रं वाचतोस. डबीवर नाव नसतं, नुसता नंबर. तो कुणाला सांगू नका असं तिथल्या बाई म्हणाल्या, म्हणून तुलाही सांगत नाही. तेवीस वर्षं कंडक्टर होते मी, नियम मला शिकवायला नको.

अर्जात एक प्रश्न होता: या संशोधनात तुमच्या नात्यातलं कुणी काम करतं का? मी ‘नाही’वर खूण केली. तू कुठे संशोधक, तू मोजणारा. उगाच तुझ्या नोकरीला नाट नको. अळीमिळी गुपचिळी.

कॅप्सूल केवढी मोठी आहे रे, घोड्याला द्यायची असावी. पत्रकात लिहिलंय की गिळवत नसेल तर उघडून पाण्यात ढवळा. मग मी आपली आईच्या पद्धतीने घेते. थर्मास, पेला, फुंकर.

नर्सने विचारलं, बरं वाटलं तर काय करायचं मनात आहे? तिला वाटलं मी काहीतरी मोठं सांगेन. म्हटलं, अकरा नंबरची बस पकडून स्टेशनपर्यंत जायचंय. चाळीस मिनिटं, मधे न उतरता. न्यूमोनियाने मला मारलं नाही, पण त्यावरच्या चार महिन्यांच्या औषधांनी पोटातले बरेवाईट सगळे जंतू धुऊन नेले आणि रिकाम्या जागा गुंडांनी धरल्या. दिवसातून आठ वेळा धावायचं, तेही न सांगता. बसमध्ये कुठे धावणार? नोकरी गेली, लोकांकडे जाणं गेलं. आता खिडकीतून अकरा नंबर बघते. दिवसाला चौतीस फेऱ्या. काल एक चुकली.

फोन करू नकोस. मधेच उठावं लागलं की तुला ते कळतं आणि मग तू घसा खाकरतोस. पत्र बिचारं थांबतं.

तुझी ताई

१३ फेब्रुवारी

ताई,

पत्र डबा उघडण्याआधी वाचलं, म्हणून बचावलो.

‘नाही’वर खूण केलीस ते बरं केलं नाहीस. पण हट्ट माझा, म्हणून गप्प बसतो. कॅप्सूलबद्दल मला काही लिहू नकोस, असं खरं तर मी सांगायला हवं. पण तू ते लिहिलं नाहीस तर मी दुसरं काय वाचू?

कॅप्सूलमधलं यीस्ट म्हणजे पाव फुगवतं त्याचंच चुलत भावंड. आमच्या प्रमुख बाईंनी त्याच्या अंगात एक जादा सूचना घातली आहे. आतड्यात पोचलं की ते एक पदार्थ तयार करतं आणि त्याने गुंड जंतूंचं विष लुळं पडतं. गुंड नरमले की पळालेले चांगले जंतू परत येतील, अशी आशा. निम्म्या लोकांना हे यीस्ट देतात, निम्म्यांना साधं. कुणाला कुठलं, ते मलाही माहीत नसतं. दोन्ही जिवंत असतात, आणि जिवंत किती पोचले एवढंच मी मोजतो. डबीतलं थेंबभर पातळ करून प्लेटवर पसरायचं, दोन दिवस उबेत ठेवायचं, मग मोहरीएवढे पांढरे ठिपके येतात ते मोजायचे. एक ठिपका म्हणजे तिथे एक जीव होता.

एक लक्षात ठेव. हे पोटात घर करत नाही, पाहुणा आहे. कॅप्सूल थांबली की चार दिवसांत गाशा गुंडाळतं. म्हणून एकही दिवस चुकवू नकोस.

माझं ठीक. खोली तीच. दुसरी खुर्ची घ्यायची होती, पण तिच्यावर बसणार कोण, म्हणून राहिली. दिवसभर उबेच्या कपाटाची घरघर सोबत असते. रविवारी ती नसते तेव्हा चुकल्यासारखं होतं. रजा यंदाही मिळेलसं दिसत नाही.

पत्राचा कोपरा फाडायची तुझी सवय काही जात नाही. लहानपणी माझ्या वहीचाही फाडायचीस, ‘अभ्यास झाला’ अशी खूण म्हणून.

तुझा भाऊ

२६ फेब्रुवारी

मुंगळ्या,

तिकिटाचा कोपरा फाडला की प्रवास झाला. पत्राचा फाडला की माझं बोलून झालं. यात हसण्यासारखं काय आहे?

आता नीट ऐक. आठाचे पाच झाले. मंगळवारी तर चारच. परवा कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन साबण आणि वर्तमानपत्र घेऊन आले. दुकानदार म्हणाला, बाई, तुम्ही गाव सोडून गेलात असं वाटलं होतं. म्हटलं, गेलेच होते, आता परत आले.

तुझे पाहुणे कामसू दिसतात. त्यांना सांग, राहा की चार दिवस जास्त. इथे जागेला तोटा नाही.

तुझी ताई

८ मार्च

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग इमारतीच्या रखवालदाराला सांगितलं की माझी बहीण परवा दुकानात गेली होती. तो म्हणाला, बरं मग? त्याला काय कळणार.

सतरा वर्षं ठिपके मोजतोय. ते कुणाच्या पोटातले, त्या माणसाचं पुढे काय झालं, मला कुणी कधी सांगितलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आपण मोजतो त्याला कुठेतरी अर्थ आहे. संध्याकाळी जाऊन दुसरी खुर्ची घेतली. लाकडी, पाठीला उशी असलेली. स्टेशनपर्यंत चाळीस मिनिटं जमली की पुढे रेल्वेत तर संडास असतोच. तेव्हा तू इकडे येशीलच. खुर्ची खिडकीशी ठेवली आहे, म्हणजे तुला गाड्या मोजता येतील.

कामात एक कोडं आहे. सगळ्यांच्या प्लेटवर दोनशे-तीनशे ठिपके येतात, एका डबीत मात्र चार आठवडे शून्य. कुणीतरी महाभाग कॅप्सूल कुंडीत टाकत असणार. लहानपणी मी कडू गोळ्या टाकायचो तशा. रोप वाळलं आणि मार तू खाल्लास, आठवतं? मी पडद्यामागून बघत होतो. तेव्हा बाहेर यायला हवं होतं.

तुझा भाऊ

१९ मार्च

मुंगळ्या,

त्या महाभागाला शोध आणि कान उपट. लोकांना फुकटचं औषध पचत नाही.

खुर्चीचं वाचलं आणि ठरवलं की आता उशीर करायचा नाही. रविवारी अकरा नंबरने गेले. थेट स्टेशनपर्यंत. ड्रायव्हर माझ्याच वेळचा, आरशात बघून म्हणाला, “काय मॅडम, आज तिकीट काढून?” पुलावर बस थांबली तेव्हा पोटात गोळा आला, पण तो नुसता भीतीचा होता. स्टेशनवर चहा घेतला, घड्याळाखाली दहा मिनिटं बसले आणि त्याच बसने परत आले. तिकीट तुला पाठवणार होते, पण पुलावरच्या वाऱ्याने खिडकीतून उडालं.

आता रात्री झोप लागते. तू काळजी करू नकोस. लांब पत्र लिही.

तुझी ताई

२ एप्रिल

ताई,

सोमवारी डब्या उघडणारी मुलगी रजेवर होती. त्या मी उघडल्या. एकतीस नंबरच्या डबीवरच्या चिठ्ठीचा उजवा कोपरा फाडलेला होता. आधीच्या आठवड्यांच्या चिठ्ठ्या फाइलला लावलेल्या असतात, त्या काढून बघितल्या. आठही चिठ्ठ्यांचा कोपरा फाडलेला.

एकतीस नंबर म्हणजेच शून्य, ताई.

हे मी तुला सांगायचं नसतं. सांगितलं हे कळलं तर नोकरी जाईल. पण मी तीन दिवस तोंड मिटून बसलो आणि आता बसवत नाही. तू एकही कॅप्सूल घेतलेली नाहीस. मग आठाचे पाच कशाने झाले? पुलावरचा वारा कुठला? ओठांत एक, पोटात एक, आणि पोटात तर काहीच नाही.

माझी कीव आली म्हणून केलंस ना? बिचारा एकटा असतो, त्याच्या यीस्टचं कौतुक करू या. मला तसली कीव नको आहे. मी रखवालदाराला सांगत फिरलो. खुर्ची घेतली. आता तिच्यावर ओले कपडे वाळत घालतो.

कॅप्सूल घ्यायच्या नव्हत्या तर सरळ तसं लिहायचंस. ती जागा दुसऱ्या कुणालातरी मिळाली असती.

भाऊ

६ मे

मुंगळ्या,

महिनाभर लिहिलं नाही, कारण जे सुचत होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं.

आधी कॅप्सूलचं. चार फेब्रुवारीपासून आज सकाळपर्यंत मी एकही चुकवलेली नाही. सातच्या ठोक्याला उठते. थर्मासातलं पाणी पेल्यात ओतते, कॅप्सूल उघडून टाकते, चमच्याने ढवळते, आई सांगायची तसं पोळेल न पोळेल इतकं कढत पिते आणि वहीत खूण करते. तेवीस वर्षांत माझ्या हातून एक फेरी चुकली नाही, आणि तू मला कुंडीत टाकणारी म्हणतोस. कुंडीत टाकणारा कोण होता? मार कुणी खाल्ला?

आता बसचं. ते खोटं आहे. दुकानाचंही. पाच नाही, चार नाही, आठच. कधी नऊ. त्या रविवारी मी थांब्यापर्यंत गेले होते हे मात्र खरं. पर्समध्ये सुटे पैसे, अंगावर जुना निळा कोट. बस आली, दार उघडलं, मी चढले नाही. दुसरी आली. तिसऱ्या बसचा ड्रायव्हर माझ्या वेळचा होता, त्याने ओळखलं नाही. मग घरी आले आणि तुला पत्र लिहायला बसले. लिहिताना खरंच पुलावर गेल्यासारखं वाटलं, म्हणून वाराही आला.

हॉस्पिटलच्या वहीत मात्र दर आठवड्याला खरा आकडा लिहिलाय. तिथे एक अक्षर खोटं नाही, त्यामुळे तुझ्या प्रमुख बाईंचं काही बिघडलेलं नाही. खोटं फक्त तुला लिहिलं.

का, ते विचारतोस तर ऐक. तीन वर्षं मी लिहायची, बरं नाही. तू चार ओळी पाठवायचास: पाणी पी, डॉक्टरला दाखव, रजा नाही. मग एकदा लिहिलं, दुकानात गेले. तर दोन पानं आली, खुर्ची आली, पडद्यामागचं आलं. सहा वर्षांत तू मला इतकं काही सांगितलं नव्हतंस. मुंगळ्या, मला तुझी कीव नाही आली रे. मला तुझं लांब पत्र हवं होतं.

कपडे वाळत घालायचे असतील तर दोरी बांध. लाकूड खराब होतं.

ताई

१५ मे

ताई,

तुझी खरडपट्टी वाचताना एका शब्दावर अडकलो. कढत.

तुझं पहिलं पत्र काढलं. थर्मास, पेला, फुंकर. सगळं तिथेच होतं. काखेत कळसा आणि मी गावभर. यीस्ट उबेत वाढतं, पण कढत पाण्यात मिनिटभरही टिकत नाही. मी थर्मास विकत आणला, त्यातल्या पाण्यात कॅप्सूल ढवळून प्लेटवर पसरली आणि शेजारी गार पाण्यातली. दोन दिवसांनी गार पाण्याची प्लेट ठिपक्यांनी भरली होती, तुझी कोरी. तू रोज सकाळी नेमाने, वेळेवर, आईच्या पद्धतीने त्यांना मारत होतीस. मी तिथेच स्टुलावर बसून हसलो आणि मग रडलो. बघायला कुणी नव्हतं, त्यामुळे दोन्ही मनसोक्त झालं.

त्यानंतर प्रमुख बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. तू कोण, कोपरा कसला, मी काय लिहिलं. या खेपेला पडद्यामागे राहायचं नव्हतं. त्यांनी सगळ्या फाइली मागवल्या. आणखी दोघांच्या डब्या अधूनमधून शून्य यायच्या. त्यांना विचारलं तर दोघेही कॅप्सूल गरम चहात घालून घ्यायचे. आता पत्रकात ठळक छापणार आहेत: फक्त गार पाणी. ते तुझ्यामुळे. पण नात्यामुळे एकतीस नंबर यादीतून काढला. उरलेल्या कॅप्सूल हॉस्पिटलचा माणूस घेऊन जाईल. मला मोजणीवरून काढून काचसामान धुवायला बसवलंय. त्याचं काही नाही. पण तुझी चाळीस मिनिटं होती, ताई. त्यांच्यावर मी पाणी फिरवलं. गप्प राहून तुला नुसतं ‘गार पाणी’ एवढंच लिहिलं असतं तर कुणाला कळलं असतं? हे रोज मनात येतं.

माझं ते एप्रिलचं पत्र गेल्यानंतरच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या अखंड होत्या. तू कोपरा फाडणं सोडलंस. ते बघून मला शून्यापेक्षा जास्त लागलं.

तू खरं लिहिलंस, आता माझं ऐक. गेल्या सहा वर्षांत मी रजा कधी मागितलीच नाही. दाजी गेले, त्यांच्या दिवसांत आलो होतो तेव्हा तुझ्या घरात चार माणसांत कसं बसायचं ते मला कळेना. सवय गेली. मग ‘मिळत नाही’ लिहिणं सोपं पडत गेलं. काल मागितली, एका मिनिटात मिळाली.

रविवारी, चोवीस तारखेला येतो. साडेदहाला स्टेशनवर उतरतो, अकरा नंबर पकडून सव्वाअकराला तुझ्याकडे. दुपारी साडेतीनची परतीची गाडी आहे. काही करत बसू नकोस. तू घरी असशीलच, कुठे जाणार आहेस.

तुझा भाऊ

(दाराखालून सरकवलेली चिठ्ठी)

२४ मे, दुपारी अडीच

ताई,

सव्वाअकरापासून पायरीवर होतो. बेल वाजवली. फोन लावला, तो आत वाजताना दारातून ऐकू येत होता. अकरा वेळा लावला. तू उचलला नाहीस.

तुझं बरोबर आहे. सहा वर्षांनी आलेल्या माणसासाठी लगेच दार उघडावं असं काही नाही. औषध माझ्यामुळे गेलं, तेही आहेच. गाडीची वेळ झाली. पुन्हा असा त्रास देणार नाही.

भाऊ

२४ मे, संध्याकाळ

मुंगळ्या, मुंगळ्या,

तीनला घरी आले तर पायाखाली तुझी चिठ्ठी. फोन लावला, तुझा बंद. गाडीत असशील. आता पत्रच लिहिते, कारण जे पाठवायचंय ते फोनवरून जात नाही.

अरे मी घरात नव्हते. तीन वर्षांत एकदा मी घरात नव्हते आणि तू आलास.

‘कुठे जाणार आहेस’ हे तुझं वाक्य मला झोंबलं. म्हटलं, दाखवते. सकाळपासून काही खाल्लं नाही, चहासुद्धा नाही. निळा कोट घातला. तू स्टेशनवर उतरशील तेव्हा घड्याळाखाली मी उभी असेन, मग तुझं तोंड बघण्यासारखं होईल, असं ठरवलं. फोन चार्जिंगलाच राहिला. नऊ पन्नासची अकरा नंबर आली, दार उघडलं आणि मी चढले. ड्रायव्हर नवा पोरगा होता. त्याला काहीच माहीत नव्हतं, तरी मला वाटलं त्याने टाळ्या वाजवाव्यात. खिडकीशी बसले. पहिला थांबा गेला, दुसरा गेला. तुझ्या पाहुण्यांशिवाय, नुसती मी.

तिसऱ्या थांब्यावर उतरावं लागलं. समोर औषधाचं दुकान आहे, तिथपर्यंत पोचले नाही. कपडे खराब झाले. भररस्त्यात, दिवसाढवळ्या. तीन वर्षं ज्याला भीत होते तेच झालं. दुकानातल्या बाईंनी काही विचारलं नाही, हाताला धरून मागे नेलं. स्वतःचा झगा दिला, माझे कपडे धुऊन दोरीवर टाकले. ते वाळेपर्यंत मी खोक्यांमध्ये स्टुलावर बसून होते. फोन देऊ का म्हणाल्या, पण तुझा नंबर मला पाठ नाही. आपल्याला पत्ते पाठ. मागच्या खोलीला रस्त्याकडे एक छोटी खिडकी आहे. अकराच्या सुमारास त्यातून स्टेशनवरून येणारी अकरा नंबर जाताना दिसली. तू त्यात असणार हे माहीत होतं. दुसऱ्याच्या झग्यात होते, हाक कशी मारणार?

परत चालत आले, दर दिव्याच्या खांबाला थांबत. पायरीवर तुझ्या चहाच्या कागदी पेल्याचा गोल डाग आहे. तो पुसणार नाही.

तू सांगितलंस ते ठीक केलंस. गप्प राहून ‘गार पाणी’ लिहिलं असतंस, तर मी बरी झाले असते आणि तू सतरा वर्षं आणखी घरघर ऐकत बसला असतास. आता आधी रजा माग. ती मिळते, हे कळलंय आपल्याला.

तिकीट सोबत ठेवते. वाऱ्याने उडालेलं नाही, हातात घेऊन बघ. स्टेशनपर्यंतचं काढलं होतं, प्रवास तीनच थांब्यांचा झाला, म्हणून कोपरा फाडलेला नाही.

पुढच्या वेळी थेट घरापर्यंत येऊ नकोस. औषधाच्या दुकानापाशी उतर आणि थांब. तिथवर मला येता येतं.

ताई